चौथा रकाना

मंगळवारी सकाळी तुझ्या बायकोनं, संगीतानं, तुला चिकलठाण्याच्या घरून रिक्षातून दवाखान्यात नेलं. अकरा वाजता तू गेलास. साडेअकराला मला फोन आला. मी वाचनकक्षात होते. टेबलावर नोंदवही उघडी होती.

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते सांगते. नोंदवहीत त्या दिवसाची तारीख घालायची राहिली होती, ती घातली. मग कपाटाला कुलूप लावलं, किल्ली मावशींकडे दिली आणि जिन्यात जाऊन बसले. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, तुमी सोता गेलात तरी आधी सही करून जाल."

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला आले होते. घरासमोर छोटा मांडव होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग तुझ्या गल्लीतले दोघं बोलले. कुणाचा पंखा, कुणाचा मोबाइल, कुणाच्या पोराचा ऑनलाइन फॉर्म, तू काय काय करून दिलंस ते सांगत होते. मग तुझ्या भावानं माइक माझ्यापुढं धरला. "ताई, दोन शब्द बोला. दादा तुमचं लई नाव काढायचा." मी उभी राहिले. "सुदाम," एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. रडू आलं नव्हतं. जे बोलायला हवं होतं ते संगीतासमोर बोलण्याची माझी छाती नव्हती. म्हणून आता लिहिते आहे. वेळ लागेल. मला लिहायला किती वेळ लागतो हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

आपली ओळख एका प्रिंटरमुळे झाली. कॉलेजच्या ग्रंथालयात वाचनकक्ष मी सांभाळते, तिथला प्रिंटर कागद गिळायचा, म्हणून संगणक विभागातून तांत्रिक सहायकाला, म्हणजे तुला, पाठवलं होतं. कोपऱ्यात नसरीन बसली होती. तिला जन्मापासून दिसत नाही. नुकतीच बी.ए.ला आली होती, विषय इतिहास. कुणीतरी येईल आणि वाचून दाखवील म्हणून ती रोज दुपारी तिथं बसायची. प्रिंटरच्या पोटात हात घालून तू तिला विचारलंस, "कुणाची वाट बघायल्या तुमी?"

"जो वाचेल उसकी."

"आन् आज कोणी नाय आलं तर?"

"तो मग उद्या," ती म्हणाली. "पान कुठं पळून जातंय, सर? वहींच रहेगा."

तू प्रिंटर दुरुस्त केलास, हात पुसलेस आणि गेलास. पंधरा दिवसांनी स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन आलास. त्याची एक बिजागरी तुटलेली होती, पडद्याला मागून पुस्तकांचा टेकू द्यावा लागायचा. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढायचा आणि लॅपटॉपनं ते पान मोठ्यानं वाचायचं, असा तो प्रोग्राम होता. पहिल्या दिवशी त्यानं एक परिच्छेद वाचायला सात मिनिटं घेतली. आपल्याकडची जुनी मराठी पुस्तकं खिळ्यांच्या छपाईची, शाई फुटलेली. जोडाक्षर आलं की तो अडायचा, परत मागे जायचा, परत अडायचा. नसरीन हसून म्हणाली, "सर, ये तो मेरे नाना से जास्त खोकतो." तूही हसलास. मी 'शांतता राखा' म्हणायला उठले होते, ते न म्हणताच बसले.

त्यानंतर चार वर्षं तू रोज दोनला यायचास. जेवणाची सुट्टी दोन ते तीन. नसरीन आणि तिच्यासारखे आणखी तीन-चारजण जमायचे. वाचनकक्षातल्या दोन संगणकांवर तू टाकलेला प्रोग्राम वाचायचा, तू डबा खात ऐकायचास. तो कुठं चुकला की हात वर करायचास. मी त्या चुका लिहून घ्यायचे. ग्रंथालयाची जुनी तालिकाकार्डं, एका पुस्तकाला एक अशी, बाद झाली होती, त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. एका कार्डावर एक चूक: पुस्तकात काय आहे, प्रोग्राम काय म्हणाला, पान कुठलं. तीन वाजता तू कार्डांना रबर लावून खिशात टाकायचास आणि घरी नेऊन आपल्या लॅपटॉपवर दुरुस्त करायचास. दुसऱ्या दिवशी ती चूक होत नसे. मला माझ्या नोकरीत इतक्या लगेच काही सुधारलेलं पाहायची सवय नव्हती.

आता त्या नोंदवहीचं.

औरंगपुऱ्यात मी दर जूनमध्ये नोंदवही घ्यायला जाते. बाजारात ती तीन रकान्यांची मिळते. नाव, वेळ, सही. फार वर्षांपूर्वी लेखापरीक्षणात आक्षेप आला होता की संगणक कशासाठी वापरले याची नोंद नाही. तेव्हापासून मी पट्टी घेऊन लाल शाईनं चौथा रकाना आखते, 'कामाचे स्वरूप'. एकदा तू मला तुझ्या मोटारसायकलवर औरंगपुऱ्याला नेलं होतंस. दुकानात मी पानं मोजत होते आणि तू दुकानदाराला म्हणालास, "मालक, यांना चार रकान्यांची छापून द्या की. ताईंचं अर्धं आयुष्य रेघा मारण्यात गेलं."

तू सही करायचास, वेळ लिहायचास. चौथा रकाना कधीच भरायचा नाहीस. मी सांगितलं की म्हणायचास, "काय लिहू? डबा खाल्ला लिहू का?" मग पाच वाजता वाचनकक्ष बंद करताना रिकाम्या जागा मी भरायचे. विद्यार्थ्यांपुढे 'अभ्यास'. प्राध्यापकांपुढे 'संदर्भ'. तुझ्यापुढे 'सॉफ्टवेअरचे काम'. पान पूर्ण भरलेलं दिसलं की मला बरं वाटायचं. चार वर्षं, सुट्ट्या सोडून रोज, माझ्या अक्षरात.

आपल्या कॉलेजचं विद्यापीठ झालं आणि नियमावल्या आल्या. त्यातली एक बौद्धिक संपदेची होती. ती आपण दोघांनी वाचली नव्हती. तू प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून मागेल त्याला देत होतास. गंगापूरच्या अंधशाळेत स्वतः एसटीनं जाऊन चार संगणकांवर टाकून आलास. मग विद्यापीठात एक प्रदर्शन झालं, एका कंपनीच्या माणसांनी तो ऐकला, आणि आठवड्याभरात तुझ्याकडे फॉर्म आला. सॉफ्टवेअरचं नाव, निर्माता, मालक. नावापुढं तू लिहिलंस, 'ठेवलेलं नाही'. मालकापुढं काय लिहायचं म्हणून फॉर्म घेऊन माझ्याकडे आलास.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

मी म्हणाले, "तुझं नाव लिही."

"माझं कशाला? मला विकायचाय का? कोणाचाच नाय असं लिवतो."

"कुणाचाच नाही असं लिहिलंस तर विद्यापीठ आपलं म्हणेल."

"म्हणू द्या. पोरांना ऐकायला मिळाल्याशी मतलब."

"आणि उद्या ते म्हणाले, द्यायचा नाही, तर? सुदाम, तुला तो फुकट वाटायचा असेल तर आधी तो तुझा असायला हवा. जे आपलं नाही ते देता येत नाही."

तू फॉर्म माझ्या टेबलावर ठेवलास. "म्हंजे दान करायला आधी सावकार व्हायचं? लई भारी कायदा आहे तुमचा."

कायदा माझा नव्हता, पण मी त्याच्या बाजूनंच बोलत होते. संस्थेच्या वस्तूंवर जे तयार होतं ते संस्थेचं, असं मी जन्मभर मानत आले. ग्रंथालयातली पेन्सिलही मी कधी घरी नेली नाही. तुझ्याबाबतीत मात्र मला ठाऊक होतं की लॅपटॉप तुझा, वेळ तुझा, डोकं तुझं. तू शेवटी मालकापुढं स्वतःचं नाव लिहिलंस. खाली एक ओळ घातलीस, 'सर्वांना मोफत वापरता यावा अशी अट'. मला वाटलं, झालं.

समितीची बैठक दुसऱ्या मजल्यावर होती. नियम सरळ होता. कर्मचाऱ्याचं काम म्हणून सॉफ्टवेअर बनवलं असेल तर ते विद्यापीठाचं. तुझं काम यंत्रं दुरुस्त करण्याचं, प्रोग्राम लिहिण्याचं नव्हतं, हे समितीनं मान्य केलं. पण पुढचं कलम होतं. काम नसलं, तरी विद्यापीठाच्या साधनांचा भरीव वापर झाला असेल, तरीही ते विद्यापीठाचं. त्यासाठी त्यांनी वाचनकक्षाच्या नोंदवह्या मागवल्या. नोंदवह्यांचा ताबा माझ्याकडे, म्हणून मला त्या घेऊन बसायला सांगितलं. मी चारही वर्षांच्या वह्या नव्या कागदात गुंडाळून नेल्या.

अध्यक्षांनी एक वही उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागले. "दोन ते तीन, सॉफ्टवेअरचे काम. दोन ते तीन, सॉफ्टवेअरचे काम. दोन ते तीन, सॉफ्टवेअरचे काम." ते पान उलटत होते आणि वाचत होते. मग वही तुझ्यापुढं सरकवली. "खरात, ही सही तुमची?"

"माझीच आहे."

"आणि हे कामाचं स्वरूप?"

तू वहीकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. तुला माझं अक्षर माहीत होतं, हजारो कार्डांवर ते तू वाचलं होतंस. मी ओठ उघडले असावेत. मला सांगायचं होतं की या नोंदी मी केल्या आहेत, त्या तासात तो डबा खात ऐकत असे, चुका मी लिहीत असे, प्रोग्राम तो घरी लिहीत असे. पण त्याच क्षणी दुसरंही मनात आलं. दुसऱ्याच्या सहीपुढं स्वतःच्या मनानं नोंदी केल्या, त्याही चार वर्षं, हे मी त्या टेबलावर कबूल केलं तर माझी चौकशी लागेल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

"नोंदवहीत आहे म्हंजे असंल, साहेब," तू म्हणालास.

दहा मिनिटांत निकाल झाला. जिना उतरताना तू माझ्या हातातल्या दोन वह्या घेतल्यास. मग म्हणालास, "ताई, अक्षर लई सुंदर आहे तुमचं. साहेबांना चष्मा लावायची गरज पडली नाय."

तू हसत होतास. मला अजून समजत नाही की ते हसणं माझ्यासाठी होतं की माझ्यावर. तुला विचारायचं राहिलं.

विद्यापीठानं प्रोग्रामला एक लांब संस्कृत नाव दिलं. ते मी इथं लिहीत नाही. कंपनीशी करार झाला आणि बाहेर असलेल्या सगळ्या प्रती काढून टाकण्याचं पत्र निघालं. वाचनकक्षातल्या दोन संगणकांवरच्याही. काढायचं काम संगणक विभागाच्या तांत्रिक सहायकाचं. प्रोग्राम बनवणं तुझ्या नोकरीत बसत नव्हतं, पुसणं बसत होतं. तू गंगापूरला गेलास, चारही संगणक मोकळे केलेस आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलास. तिथं काय झालं मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणालास, "पोरं म्हणाली, सर नवीन टाकायला आले."

मग तू अपील केलंस. पुरावा नंतर जोडतो असं लिहून मुदतीत दिलंस. आणि त्या पुराव्यासाठी माझ्याकडे आलास. दोन वाजलेले होते, डबा हातात होता, सवयीनं. म्हणालास, "ताई, एकच पान लागतंय. चौथा रकाना तुमी भरलाय, एवढंच लिवून द्या. जास्ती काय नको."

मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले, यावर विश्वास ठेव.

त्या संध्याकाळी मी पहिला मसुदा लिहिला. 'सदर नोंदी मी केल्या आहेत' हे वाक्य लिहिलं आणि खोडलं. 'सदर नोंदी कार्यालयीन पद्धतीनुसार करण्यात आल्या' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण त्यातून मी गायब झाले होते. तेही खोडलं. मग वाटलं, दोन ते तीनमध्ये संगणक चालू असायचाच, प्रोग्राम त्यावर चालायचाच, म्हणजे वापर अजिबात नव्हता असंही म्हणता येणार नाही. 'भरीव' शब्दाचा अर्थ पाहायला तीन कोश काढले. खरं लिहायचं म्हणून मी इतकी बारीक शिरले की भीती कुठं संपते आणि प्रामाणिकपणा कुठं सुरू होतो हे मला दिसेनासं झालं. एका पानाला मी अडीच महिने घेतले, तरी ते पुरं झालं नाही.

तू दोनदा आलास. पहिल्यांदा म्हणालास, "झालं का?" मी म्हणाले, "नीट लिहिते आहे." दुसऱ्यांदा तू विचारलंही नाहीस, नुसता टेबलापाशी उभा राहिलास. मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात." तू म्हणालास, "व्हय, व्हय. घाई नाय." त्यानंतर दोन वाजता येणं तू बंद केलंस. विभागातच डबा खायला लागलास. जाता-येता भेटलास की आधीसारखाच हात वर करायचास.

मी त्या पानावर चिडत होते, समितीवर चिडत होते, आणि खरं सांगते, थोडी तुझ्यावरही. तू रागावला असतास तर मी लवकर लिहिलं असतं. तू मला रागवायला हवं होतंस. बैठकीत माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतंस. तुझ्या गप्प राहण्यामुळे माझी नोकरी वाचली, आणि त्याच गप्प राहण्याचा मी अडीच महिने फायदा घेतला. हेच परवा माइकवर बोलायचं होतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. संगीता म्हणाली, वर्षभर छातीत जळजळ म्हणायचा आणि ॲसिडिटीच्या गोळ्या खायचा. मी त्यात माझं काही मिसळत नाही. तुझ्या मरणावर हक्क सांगणं हीसुद्धा एक प्रकारची चोरीच होईल.

मांडवातून निघताना संगीतानं मला एक बुटाचं खोकं दिलं. आत ती कार्डं होती. सगळी. रबरं सुकून तुटली होती. एकेका कार्डावर तुझी पेन्सिलीची बरोबरची खूण, आणि खाली ज्या दिवशी घरी दुरुस्त केलंस ती तारीख. तू नोंदी करायचास, सुदाम. माझ्या वहीत नाही, पण करायचास.

"तुमचं अक्षर आहे," संगीता म्हणाली. "तुमचंच असंल म्हणून ठेवलं होतं."

मी एक कार्ड उलटं केलं. एका बाजूला कुठल्याशा पुस्तकाचं नाव, क्रमांक आणि कॉलेजचा गोल शिक्का. दुसऱ्या बाजूला माझं अक्षर आणि तुझी खूण. कार्ड कुणाचं, हे समितीला विचारलं तर ते शिक्क्याकडे बघतील.

तिथंच, मांडवाच्या दोरीपाशी उभं राहून, मी संगीताला सांगितलं. रकाना कुणी भरला ते, पान कुणी मागितलं ते, कुणी दिलं नाही ते. ती ऐकत होती. मध्ये कुणीतरी चहाचा कप तिच्या हातात दिला, तो तिनं तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "ते बोलले होते मला. रकान्याचं." मी विचारलं, काय बोलला? ती म्हणाली, "ताईंना भ्या वाटायलंय, म्हणले. देतील."

मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही ते मागितलं नाही.

काल सकाळी बसून मी पान लिहिलं. सहा ओळी झाल्या. 'या नोंदवह्यांतील चौथ्या रकान्यातील नोंदी श्री. खरात यांनी केलेल्या नाहीत. त्या मी, त्यांना न विचारता, केल्या.' पुढे त्या तासात काय चालायचं ते, आणि दुरुस्त्या घरी होत असल्याचा पुरावा म्हणून कार्डं. अर्धा तास लागला. संगीतानं वारस म्हणून अपील पुढं चालवण्याचा अर्ज केला, त्याला ते जोडलं. आवक विभागातल्या बाईंनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, हे तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय. आणि आता कशाला? ते तर गेले."

"पोच द्या," मी म्हणाले.

त्यांनी शिक्का मारून दिला.

उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. कंपनीचा करार झालेला आहे. मृत माणसाच्या अपिलाला कुणी घाईनं हात लावत नाही. माझी चौकशी मात्र लवकर सुरू होईल असं दिसतं, कारण आज दुपारी कार्यालयातून वह्यांबद्दल फोन आला. मी सांगितलं, वह्या इथंच आहेत, कधीही या.

यंदाची नोंदवही मी तीन रकान्यांची तशीच ठेवली आहे. लाल रेघ मारलेली नाही.

नसरीन आता एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती दोन वाजता येते, सही म्हणून अंगठ्यानं जागा चाचपून आपलं नाव लिहिते, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते. मी तिच्यासमोर बसून पुस्तक उघडते. पहिल्याच दिवशी तिनं टोकलं, "मॅडम, तुम्ही पान पलटताना लई थांबता. सर का मशीन थांबत नव्हता." मी म्हटलं, प्रयत्न करते.

तिला अकरा पुस्तकं वाचायची आहेत. मी वाचते. एका तासात बारा पानं होतात.